रत्नागिरी शहरासाठी दोन दिवस राखून ठेवा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून कोकण सहलीचे लेख येऊ लागतात आणि त्यांत रत्नागिरी शहराची बोळवण एका ठरलेल्या वाक्यात होते. कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरावे, तेथून गणपतीपुळ्याला जाण्यासाठी एसटी किंवा रिक्षा मिळते, एवढेच ते वाक्य असते. गणपतीपुळ्याला अवश्य जावे, त्याबद्दल कोणाचेच दुमत असणार नाही. परंतु ज्या गावात लोकमान्य टिळकांचा जन्म झाला, जेथे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने तीस वर्षे नजरकैदेत काढली, जेथे १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना मुक्त प्रवेश देणारे मंदिर उभे राहिले आणि ज्याच्या तिन्ही बाजूंना समुद्र असलेल्या किल्ल्यावर आजही लोकवस्ती नांदते आहे, त्या गावाकडे पाहुण्यांनी केवळ गाडी बदलण्याची जागा म्हणून पाहावे, याचे येथील रहिवासी या नात्याने मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. ते छापून आल्यास निदान काही वाचक आपल्या सहलीत या शहरासाठी दोन दिवस राखून ठेवतील, अशी आशा आहे.

रत्नागिरी पाहायची तर तिची चढउतारांची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. रेल्वे स्थानक कुवारबावला, वरच्या सड्यावर आहे. तेथून साळवी स्टॉपवरून मारुती मंदिरापर्यंत येईतो आपण पठारावरच असतो, समुद्र कोठे दिसत नाही आणि नवख्या माणसाला हे एखादे घाटमाथ्यावरचे तालुक्याचे गाव वाटावे. मारुती मंदिर सोडले की रस्ता उताराला लागतो. जयस्तंभ, एसटी स्टँड, गोखले नाका, राम आळी असे करीत तो खाली खाली जातो आणि शेवटी मांडवीला समुद्राशी संपतो. उताराच्या दोन्ही अंगांना जांभ्याच्या गडग्यांच्या आत आंबा, फणस, माड आणि कौलारू घरे आहेत. इमारती वाढल्या असल्या तरी जुन्या आळ्यांचे हे रूप अद्याप पुरते पुसले गेलेले नाही. रस्ते अरुंद आहेत आणि वळणे अवघड आहेत, म्हणून बाहेरगावची मोठी गाडी घेऊन आळ्यांत शिरण्याऐवजी उतार पायी उतरावा आणि परतीच्या चढाला रिक्षा करावी, असे माझे सांगणे आहे. हा भाग चालूनच पाहण्याचा आहे.

जांभ्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण या शहरातील जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू त्याच दगडाची आहे. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तुलनेने मऊ असतो आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. जुन्या भिंतीजवळ उभे राहून पाहिले तर चिऱ्याच्या अंगावर तो तासणाऱ्याच्या हत्याराचे तिरपे घाव एकाखाली एक स्पष्ट दिसतात आणि दगडाच्या भोकांतून पावसाळ्यात शेवाळ व बारीक नेचे उगवलेले असतात. शहरातील वस्तीची घरे, गडगे आणि देवळांच्या भिंती याच दगडाच्या आहेत आणि आसपासच्या सड्यांवर ज्या कातळात प्रागैतिहासिक काळातील माणसाने चित्रे कोरली तो कातळही हाच आहे. त्या चित्रांविषयी पुढे लिहितो.

पहिला मुक्काम थिबा राजवाड्याचा असावा. इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले जिंकले आणि राजा थिबा याला पदच्युत करून आधी मद्रासला व नंतर १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. तेव्हा येथे रेल्वे नव्हती, मुंबईचा संबंध मुख्यतः बोटीने होता आणि पावसाळ्यात तोही तुटत असे. राजाला त्याच्या प्रजेपासून दूर ठेवण्यासाठी इंग्रजांना अशीच जागा हवी होती. सुरुवातीची अनेक वर्षे राजपरिवार भाड्याच्या व सरकारी बंगल्यांतून राहिला. आज आपण जो राजवाडा पाहतो तो १९१० साली पूर्ण झाला आणि राजाला त्यात जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. राणी सुपयालत १९१९ साली मुलींसह ब्रह्मदेशात परतली, तिचा अंत १९२५ साली रंगूनला झाला. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीला माघारी आली आणि १९४७ साली याच गावात वारली.

राजवाड्याची लाल भिंतींची उतरत्या छपरांची इमारत, लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि खालचा संगमरवरी फरशीचा दिवाणखाना निवांत पाहण्यासारखा आहे. वास्तूत आता शासनाचे वस्तुसंग्रहालय असून सोमवारी ते बंद असते, हे सहल आखतानाच ध्यानात ठेवावे, नाहीतर शनिवार ते सोमवार अशी सुट्टी घेऊन येणाऱ्यांची निराशा होते. बहुतेक पाहुणे राजवाड्यासमोर छायाचित्रे काढून परततात. माझी विनंती अशी की त्यांनी तेथून शिवाजीनगर भागातील राजाच्या समाधीपर्यंत जावे. थिबाची आणि १९१२ साली येथेच वारलेल्या त्याच्या धाकट्या राणीची अशा दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये मुद्दाम रत्नागिरीला आले होते. एका देशाचा राष्ट्रप्रमुख ज्या समाधीपुढे नतमस्तक होण्यासाठी एवढ्या लांब येतो, तेथे आपल्या राज्यातील पर्यटकाने पंधरा मिनिटे थांबायला काय हरकत आहे? दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले आणि तो १८६२ साली तेथेच गेला, तर ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा येथे कोकणात आणला गेला. शाळेच्या सहली घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी हा इतिहास मुलांना या समाधीपाशी उभे करून सांगावा. तो पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला कळेल.

राजवाड्याजवळच थिबा पॉइंट आहे. कड्याच्या टोकाला उभे राहिले की खाली काजळी नदीचे शेवटचे वळण, भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, काठाची माडांची दाटी आणि पलीकडे समुद्र एकाच दृष्टिक्षेपात येतो. भरतीच्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली असते आणि ओहोटीला मधले वाळूचे पट्टे उघडे पडतात, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी हीच जागा निराळी दिसते. शहराच्या भूगोलाचा अंदाज येण्यासाठी नकाशापेक्षा ही जागा अधिक उपयोगी आहे.

तेथून खाली टिळक आळीत यावे. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला ते घर जपलेले आहे आणि त्याचे मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. उतरते कौलारू छप्पर, जांभ्याच्या भिंती, बेताच्या खोल्या, अंगण, असे ते कोकणी मध्यमवर्गीय घर आहे. टिळकांचे वडील गंगाधरपंत शाळेत शिक्षक होते. त्यांची बदली झाल्यावर १८६६ साली कुटुंब पुण्याला गेले, म्हणजे लोकमान्यांचे दहा वर्षांचे बालपण या आळीत गेले. आत त्यांच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे आहेत. ती पाहावीत, पण त्याआधी ओसरीवर क्षणभर बसावे. ज्यांना ग्रंथांची आवड आहे त्यांनी १८२८ साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालयही पाहून घ्यावे. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी ते एक आहे आणि आजही चालू आहे, याचा आम्हा रत्नागिरीकरांना अभिमान वाटतो.

पतितपावन मंदिर हे देवदर्शनाच्या यादीत घातले जाते आणि तेथे गेलेले भाविक लक्ष्मीनारायणाला नमस्कार करून पाच मिनिटांत बाहेर पडतात. या मंदिराचे महत्त्व कळायला त्यामागील हकिकत ठाऊक असावी लागते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जाण्याची आणि राजकारणात भाग घेण्याची त्यांना मनाई होती. या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम चालविली, शाळांतून सर्व जातींची मुले एकत्र बसावीत यासाठी आग्रह धरला, सहभोजने घडवून आणली. तेव्हा गावातील जुन्या देवळांची दारे सर्वांना उघडी नव्हती. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने हे नवे मंदिर बांधून दिले आणि १९३१ साली ते सर्वांसाठी खुले झाले. भागोजीशेठ हे रत्नागिरीच्या एका गरीब भंडारी कुटुंबातील. पोटासाठी मुंबईला गेले आणि स्वकष्टाने मोठे कंत्राटदार झाले. दादरच्या शिवाजी पार्कजवळील स्मशानभूमीला ज्यांचे नाव आहे ते हेच, हे सांगितले की मुंबईच्या पाहुण्यांना आश्चर्य वाटते. सावरकरांच्या नंतरच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीच्या एका छोट्या कोकणी गावात हे मंदिर उभे राहणे ही सामाजिक इतिहासातील मोठी घटना होती आणि तिची माहिती घेऊनच मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात, असे मला वाटते.

दुपारच्या जेवणाविषयी पुरवण्यांत पुष्कळ छापून येते, म्हणून मी थोडक्यात लिहितो. मत्स्याहारींनी हॉटेलच्या झगमगाटाला न भुलता साध्या घरगुती खानावळीत बसून त्या दिवशी काय ताजे आले आहे ते विचारावे. सुरमईच्या तळलेल्या तुकड्या सर्वत्र मिळतात, पण तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले आणि तिसऱ्यांचे सुके चांगले जमणाऱ्या जागा थोड्या आहेत. शाकाहारी पाहुण्यांनी हळहळण्याचे कारण नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, घावन आणि सोलकढी यांच्या तोडीचे जेवण दुसरीकडे क्वचित मिळेल. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी आंब्यासाठी म्हणून केवळ मे महिन्यातच येऊ नये. त्या उकाड्यात आणि गर्दीत शहर पाहण्याचे त्राण उरत नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम आहेत. शिमग्याला आलात तर बारा वाड्यांच्या श्री देव भैरीची पालखी पाहायला मिळेल. एरवी शांत असलेले हे गाव त्या दिवसांत रात्ररात्र जागे असते.

आता किल्ल्याकडे वळतो, आणि येथे मात्र घाई करू नये. रत्नदुर्ग, ज्याला गावातले लोक भगवतीचा किल्ला किंवा नुसते किल्ला म्हणतात, तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून सुमारे १२० एकरांवर पसरलेला आहे. तो मूळचा बहामनी काळातील, पुढे आदिलशाहीत गेला, १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतला, नंतर आंग्र्यांच्या ताब्यात होता आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. त्याचे तीन भाग वेगवेगळे पाहावे लागतात. एका टेकडीवर बालेकिल्ला आहे, त्यात श्री भगवती देवीचे मंदिर आहे. दुसऱ्या टेकडीवर १८६७ साली उभारलेले दीपगृह आहे. दोहोंच्या मधल्या खोलगट भागात पेठकिल्ल्याची वस्ती आहे, तेथे संसार चालू आहेत, मुले शाळेत जातात, दारात जाळी विणली जातात. पायथ्याचे भागेश्वराचे मंदिरही भागोजीशेठ कीरांनीच बांधलेले आहे.

बालेकिल्ल्याची तटबंदी बऱ्याच अंशी शाबूत आहे आणि तटावरून फेरी मारता येते. मंदिराजवळ एका भुयाराचे तोंड आहे. हे भुयार खाली समुद्राच्या बाजूला, कड्याच्या पोटातील गुहेत उघडते. भुयारात उतरण्याचा प्रयत्न करू नये, पण तटाच्या कडेने पुढे गेल्यावर खालच्या कड्यात लाटा आत घुसून फेसाळत बाहेर येताना दिसतात आणि शत्रूच्या वेढ्यात या वाटेचे काय मोल असेल ते लक्षात येते. किल्ल्यावर येताना संध्याकाळची वेळ निवडावी आणि दीपगृह पर्यटकांसाठी ठरावीक वेळेतच उघडे असते, म्हणून आधी तेथे जावे आणि नंतर भगवतीकडे यावे. दीपगृहाच्या टेकडीवरून उत्तरेला मिरकरवाडा बंदर, पांढरा समुद्र आणि त्यामागचा मिऱ्या डोंगर दिसतो, दक्षिणेला मांडवी, भाट्याची खाडी आणि पलीकडचे सुरूचे बन दिसते. थिबा पॉइंटवरून सकाळी जे पाहिले ते आता समुद्राच्या बाजूने पुन्हा दिसते आणि डोंगराच्या या दोन सोंडांनी शहराला कसे आडोशाला घेतले आहे ते समजते.

याच किल्ल्याने दोन समुद्रकिनारे वेगळे केले आहेत. मांडवीची वाळू काळी आहे आणि उत्तरेकडील किनाऱ्याची पांढरी, म्हणून गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशीच नावे रूढ झाली. मांडवीच्या वाळूला इल्मेनाइट या जड खनिजामुळे काळा रंग येतो. ती मुठीत घेतली तर साध्या वाळूपेक्षा जड लागते आणि उन्हात तिच्यात बारीक चकाकी दिसते. लहान मुलांना लोहचुंबक घेऊन यायला सांगावे, काळे कण त्याला चिकटतात. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी निम्मे गाव फिरायला येते आणि भेळ खात सूर्यास्त पाहते. एके काळी मुंबईच्या बोटींचे उतारू येथेच पडावांतून किनाऱ्याला लागत असत. पांढऱ्या समुद्राचा किनारा मात्र लाटांच्या माऱ्याने खचत चालला आहे आणि मिऱ्याच्या रहिवाशांना दर पावसाळ्यात धास्ती असते. तेथे दगडी बंधारा दिसतो तो या कारणाने, हे पाहुण्यांनी समजून घ्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात एक मोठे जहाज भरकटत येऊन याच बंधाऱ्यावर आदळले होते. वाऱ्याचा आणि लाटांचा जोर तेवढा होता.

मिरकरवाडा हे राज्यातील मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक. येथे भल्या पहाटे यावे. पर्यटन म्हणून हे ठिकाण कोणी सुचवत नाही, मी आग्रहाने सुचवतो. समुद्रातून आलेल्या बोटी धक्क्याला लागतात, खलाशी बर्फाच्या चुऱ्यातून मासळी उपसून टोपल्यांत टाकतात, तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोटीवरूनच गिऱ्हाइकांचा अंदाज घेत असतो आणि बघता बघता लिलावाला तोंड फुटते. बोली एवढ्या वेगाने आणि एवढ्या कमी शब्दांत होते की शेजारी उभे राहूनही भाव कोणाला तुटला ते नवख्याला उमगत नाही. बांगड्याच्या पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे ताजेपणी अगदी ओलसर चमकदार असतात आणि तासाभरात मंदावत जातात. मासळी ओळखणाऱ्या बायका त्या चमकेवरून आणि कल्ल्यांच्या लाल रंगावरून क्षणात पारख करतात. येथे जाताना एवढेच पथ्य पाळावे की हे लोक कामात आहेत, त्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बंदर शांत असते, तेव्हा हा बेत आखू नये.

पहाटे जे मासे टोपलीत पाहिले त्यांची ओळख करून घ्यायची तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात जावे. ते कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. जिवंत माशांच्या टाक्या आहेत, संग्रहालयात शंख-शिंपले व जतन केलेले सागरी जीव आहेत, आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्या सांगाड्याच्या शेजारी उभे राहिलेले मूल किती वेळ गप्प राहते ते पालकांनीच पाहावे. लहान मुले बरोबर असतील तर माझ्या मते शहरातील हे सर्वांत उपयुक्त ठिकाण आहे.

दुसऱ्या दिवसाचा उत्तरार्ध खाडीपलीकडे घालवावा. पूल ओलांडला की भाट्याचा लांब, सपाट किनारा आणि सुरूचे बन लागते, दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचे मंदिर आहे. रस्त्यालगतच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात नारळाच्या जाती पाहायला आणि बागायतदारांना रोपे घ्यायला मिळतात. पुढे गोळपचा सडा ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात जाता येते. तेथील शांतता भाविक नसलेल्यालाही भावते. उत्तरेकडे शिरगाव, साखरतरवरून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता अतिशय सुंदर आहे, त्याचे वर्णन आपल्या पुरवण्यांतून वरचेवर येते. त्यात एक वाक्य मात्र ठळकपणे यायला हवे. आरे-वारे आणि गणपतीपुळे येथील समुद्र पोहण्यासारखा नाही, तळ एकदम खोल जातो, ओढ जबरदस्त आहे आणि स्थानिकांनी नको म्हटल्यावर पाण्यात उतरू नये. दरवर्षी तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या आपणच छापता. त्या छापण्याची वेळ येऊ नये यासाठी सहलीच्या लेखातली चौकट अधिक उपयोगी पडेल.

सर्वांत शेवटी कातळशिल्पांविषयी लिहितो, कारण त्यांच्यासाठी अधिक विनवणी करावीशी वाटते. शहराच्या आसपासच्या सड्यांवर उघड्या जांभ्यात माणसांच्या, प्राण्यांच्या, माशांच्या आणि गूढ भौमितिक रचनांच्या आकृती कोरलेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून त्यांचा शोध घेतला, तेव्हा कोठे त्यांचा विस्तार जगाला कळला. त्या मध्याश्मयुगातील असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. २०२२ साली कोकणातील नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांपैकी सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. उक्षीचा हत्ती शहरातून निघून अर्ध्या दिवसात पाहून येण्यासारखा आहे. चवे-देवूडला गेंडा आहे, आणि आज कोकणात ज्याचा मागमूस नाही असा प्राणी तेथे कोरलेला पाहिल्यावर या चित्रांच्या प्राचीनतेची जाणीव होते. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या शरीरात कितीतरी लहान प्राणी आणि जलचर कोरलेले आहेत. तो पाहायला मात्र पूर्ण दिवस हवा.

ही चित्रे भर दुपारी पाहायला जाणाऱ्यांना बहुधा काहीच दिसत नाही. रेघा खोल नाहीत, वरून पडणाऱ्या उन्हात सारा कातळ एकसारखा सपाट भासतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. तिरपे ऊन पडले की प्रत्येक रेघेच्या एका काठाला सावली धरते आणि आधी पाठीची कमान, मग सोंड, मग पाय, असा सगळा हत्ती पायाशी उमटत जातो. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर सड्यावर रानफुलेही असतात. गावातल्या कोणाला तरी बरोबर घ्यावे. वाट सापडते आणि त्या माणसाला चार पैसे मिळतात.

छायाचित्रात रेघा ठसठशीत दिसाव्यात म्हणून काही पाहुणे त्यांत खडू, चुना किंवा रंग भरतात आणि काही जण पादत्राणांसह आकृतीवर उभे राहून छबी काढून घेतात. हजारो वर्षे पाऊस आणि ऊन सोसलेली ही रेघ माणसाच्या अशा हौसेने झिजते आणि एकदा झिजली की ती पुन्हा कोरता येत नाही. म्हणून आपणास विनंती आहे की येत्या सुट्टीच्या पुरवणीत रत्नागिरी शहरावर स्वतंत्र लेख द्यावा, त्यात राजवाडा, मत्स्यालय आणि दीपगृह यांच्या भेटीच्या वेळा त्या त्या कार्यालयांकडून विचारून छापाव्यात, उक्षीला व चवे-देवूडला जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या द्याव्यात, आणि कातळशिल्पांच्या छायाचित्राखाली आकृतीवर पाय देऊ नये व तिच्यात काहीही भरू नये ही सूचना न चुकता द्यावी. लेखासाठी आपल्या प्रतिनिधीला येथे यायचे असल्यास आम्ही काही रहिवासी वाट दाखवायला आनंदाने बरोबर येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
रत्नागिरी